प्रती हव्या तेवढ्या काढा, फक्त तारीख लिहा

आंत्वान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराचा ब्राँझचा चालता वाघ तुम्हाला आज विकत घ्यायचा असेल तर घेता येतो, लिलावांत तो सारखा येत असतो, पण किंमत बघायला गेलात की डोकं चक्रावतं. एक वाघ काही शे युरोंना, तसाच दिसणारा दुसरा काही हजारांना, आणि तिसरा त्याच्याही कितीतरी वर. तिन्हींवर सही बारीचीच. फोटोत तर फरक कळतच नाही. मग विकणारा सांगायला लागतो की हा बारी जिवंत असतानाचा, हा मेल्यानंतरचा पण चांगल्या भट्टीतला, आणि हा, म्हणजे, जाऊ दे, हा "बारीवरून केलेला". या सगळ्या गोंधळातून लोकांनी एक निष्कर्ष काढून ठेवलाय की शिल्पाच्या फार प्रती निघाल्या की कला स्वस्त होते, म्हणून प्रतींवर बंधन हवं. मला हे अजिबात पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगायला बारीच्याच आयुष्याएवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण त्या माणसाने प्रती काढून विकणं हाच आपला धंदा केला आणि त्याच धंद्यात तो बुडालाही. पण तो बुडाला ते प्रती जास्त काढल्या म्हणून नाही.

थोडं मागे जाऊ. बारीचा जन्म पॅरिसचा, १७९५चा, बाप सोनार. म्हणजे धातू हा घरातलाच विषय. लहान वयातच तो लष्करी सामानावर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे कामाला लागला, मग सैन्यभरतीत ओढला गेला, परत आल्यावर शिल्पकार बोझिओ आणि चित्रकार ग्रो यांच्याकडे शिकला, कला अकादमीच्या शाळेत गेला, रोमला शिकायला पाठवणाऱ्या अकादमीच्या मोठ्या बक्षिसासाठी पुन्हा पुन्हा बसला आणि ते काही मिळालं नाही. पोटासाठी फोकोनिए नावाच्या सोनाराकडे बरीच वर्षं छोटे छोटे प्राणी बनवत राहिला. ही वर्षं वाया गेली असं चरित्रकार लिहितात तेव्हा मला हसू येतं, कारण पुढे जे काही झालं ते याच वर्षांत शिजलं. तळहाताएवढ्या कासवात किंवा सशात हाड कुठे आणि मांस कुठे हे दाखवायचं तर हात किती तयार लागतो हे सोनाराच्या दुकानात बसल्याशिवाय कळत नाही.

प्राणी बघायला तो जायचा पॅरिसच्या जार्दँ दे प्लाँतमध्ये, तिथलं प्राणिसंग्रहालय आणि नॅचरल हिस्टरी म्यूझियम एकाच आवारात. चित्रकार देलाक्रवा त्याचा मित्र, दोघं बरोबर जाऊन चित्रं काढायचे. देलाक्रवाने त्याला पाठवलेली एक चिठ्ठी प्रसिद्ध आहे, मतलब एवढाच की सिंह मेलाय, धावत ये. मेलेला सिंह म्हणजे यांच्यासाठी पर्वणी, कारण जिवंत सिंहाची मांडी कोण मोजू देणार? मेल्यावर शवविच्छेदन करायचं, प्रत्येक हाडाची लांबी टिपून ठेवायची. बारीच्या अशा मोजमापांच्या नोंदी आणि ड्रॉइंग्ज शिल्लक आहेत. त्याच्या वाघाच्या पाठीवरची कातडी खांद्यापाशी कशी सरकते ते बघितलं की या नोंदी कुठे गेल्या ते समजतं.

१८३१ च्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, त्याने एक वाघ ठेवला आणि एकदम नाव झालं. या वाघाचं आपल्याशीही नातं आहे बरं का, कारण त्याच्या पंजाखाली आहे ती गंगेतली सुसर, लांब चिमट्यासारख्या जबड्याची घडियाल. बारी भारतात कधी आला नव्हता. आता आपल्याकडचा कोणी नदीकाठचा माणूस म्हणेल की सुसर मासे खाणारी, वाघ कशाला तिच्या नादी लागेल, आणि ते बरोबरच आहे, पण शिल्प बघताना ही शंका मनात येतच नाही, कारण दातात सापडलेलं शरीर कसं पिळवटतं ते इतकं खरं आहे. दोन वर्षांनी, १८३३ ला, त्याने सापावर पंजा दाबून धरलेला सिंह मांडला. तो ब्राँझमध्ये ओतला ओनोरे गोनाँने, मेणसाच्याच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे मेणाच्या मॉडेलभोवती साचा बांधून, आणि तो गेला थेट त्वीलरी बागेत, राजवाड्यासमोर. त्यावर टोमणे आले की आता बागेचं प्राणिसंग्रहालय झालं, फक्त पिंजरा तेवढा घालायचा राहिलाय.

हा टोमणा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं राजकारण त्यात आहे. त्या काळी शिल्पकलेत उतरंड पक्की होती. सगळ्यात वर देव, वीर, पुराणकथा, मग पुतळे, आणि प्राणी अगदी तळाला, म्हणजे टेबलावर ठेवायच्या वस्तूंच्या रांगेत. प्राणी करणाऱ्या शिल्पकारांना "आनिमालिए" म्हणायचे, आणि सुरुवातीला त्यात कौतुक नव्हतं. त्यात बारीला काम मिळालं राजपुत्राचं. ऑर्लेआँच्या ड्यूकला मेजवानीच्या टेबलाच्या मधोमध ठेवायला एक भव्य सजावट हवी होती, बारीने तिच्यासाठी नऊ गट केले, त्यात पाच शिकारी, सिंहाची, रानबैलाची, अस्वलाची, मोठ्या सांबराची, आणि वाघाची. ही वाघाची शिकार म्हणजे हत्तीवर बसलेले हिंदी शिकारी आणि हत्तीवर चढून आलेले वाघ, एवढ्याशा जागेत इतकी धुमश्चक्री की कुठून बघायला सुरुवात करावी कळत नाही. आज ती अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स म्यूझियममध्ये आहे. आणि १८३७ च्या सलाँच्या ज्यूरीने हे काम नाकारलं. कारण काय, तर हे शिल्प नाही, सोनारकाम आहे.

सोनारकाम! सोनाराच्या पोराला हे ऐकून काय वाटलं असेल. ड्यूकने बापाकडे, म्हणजे खुद्द राजा लुई-फिलिपकडे तक्रार केली तर राजा म्हणाला की ज्यूरी मी नेमली पण तिला उत्तम कामं घ्यायला मी भाग पाडू शकत नाही, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, ज्यूरी मात्र खरी होती, आणि तिच्यात अकादमीचे लोक बसलेले होते ज्यांना आपल्या उतरंडीला धक्का नको होता. वस्तू लहान, टेबलावर ठेवायची, तिच्या प्रती निघू शकतात, म्हणून ती कला नाही, हा त्यांचा हिशेब. माझं म्हणणं असं की प्रतींवर बंधन हवं म्हणणारे आजचे लोक हाच हिशेब नव्या भाषेत मांडतात. फक्त तेव्हा नाक मुरडण्यासाठी दर्जाचं नाव पुढे करायचे, आता दुर्मिळतेचं करतात.

बारीने सलाँकडे पाठ फिरवली, पुढे तेराचौदा वर्षं तिथे काही मांडलंच नाही. त्याऐवजी त्याने स्वतःची भट्टी टाकली, स्वतःची कामं स्वतः ओतायची, स्वतः कानस मारायची, रंग चढवायचा आणि थेट गिऱ्हाइकाला विकायची. आणि हे आडून आडून नाही, छापील कॅटलॉग काढून, प्रत्येक वस्तूसमोर माप आणि किंमत. त्यात शंभरावर मॉडेल्स, मोठ्या गटांपासून ते कागदावर वजन म्हणून ठेवता येईल अशा कासवापर्यंत, म्हणजे ज्याच्या खिशात राजपुत्राएवढा पैसा नाही अशा डॉक्टर-वकिलालाही एखादा ससा किंवा चालता सिंह घरी नेता यावा. मला हा माणूस इथे सगळ्यात आवडतो. ज्यांनी सोनारकाम म्हणून हिणवलं त्यांच्यासमोर देवादिकांचे पुतळे घेऊन परत उभा राहिला असता तर कोणी दोष दिला नसता. त्याने उलट दुकान उघडलं. सुरुवातीच्या काही प्रतींवर त्याने आपल्या नावाचा ठसा आणि प्रतीचा क्रमांक मारला, हेही लक्षात ठेवायची गोष्ट आहे, कारण हा क्रमांक लोकांना घाबरवण्यासाठी नव्हता की आता फक्त अमुक उरलेत, घाई करा. कितवी प्रत आहे एवढंच तो सांगत होता.

आता हे ओतकाम कसं चालतं ते थोडं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचा वाद हवेत राहील. मेणसाच्यात मेण वितळून जातं, साचा फोडावा लागतो, एक साचा एक प्रत, गोनाँचं काम त्या जातीचं. ज्याला विक्री करायची तो वाळूच्या साच्याकडे वळतो. त्यासाठी आधी एक मुख्य मॉडेल लागतं, बरेचदा तेही ब्राँझचंच, अतिशय बारकाईने साफ केलेलं आणि तुकड्यातुकड्यात सुटं होणारं, पाय वेगळा, शेपूट वेगळं, खिळ्यांनी परत जोडता येणारं. हे मॉडेल दाबून घट्ट बारीक वाळूत ठसा घ्यायचा, आत गाभा बसवायचा, रस ओतायचा, थंड झालं की तुकडे जोडायचे, सांधे कानशीने मिटवायचे, छिन्नीने केसांच्या रेषा परत उठवायच्या, आणि मग आम्लं लावून, तापवून रंग चढवायचा. बारीचे हिरवट-काळे रंग प्रसिद्ध आहेत, त्यावर तो फार खटपट करायचा. म्हणजे प्रत काढणं हे फोटोकॉपी काढण्यासारखं नाही, प्रत्येक प्रतीत कोणाचा तरी हात शेवटपर्यंत फिरतो. तो हात कोणाचा, आणि मूळ मॉडेल कोणाकडे, या दोन गोष्टींवर प्रतीचा दर्जा ठरतो. ती पाचवी आहे की पन्नासावी यावर नाही, कारण मॉडेल झिजलं तर मालक ते दुरुस्त करू शकतो. त्याला दुरुस्त करावंसं वाटलं पाहिजे एवढंच.

आणि इथेच बारीचा घात झाला. भट्टी चालवायला भांडवल लागतं, धातू, कोळसा, कारागिरांचा पगार, आणि माणूस असा की प्रत मनासारखी होईपर्यंत हातातून सोडवत नाही, आवडती वस्तू विकायचीही त्याला खुशी नाही. धंद्याला हा स्वभाव काही बरा नाही. कर्ज झालं. १८४५ मध्ये एमिल मार्तँशी भागीदारी केली, आणि १८४८ च्या क्रांतीत सगळ्याच चैनीच्या वस्तूंचा बाजार बसला तेव्हा बारीच्या मॉडेल्सवरचा ताबा कर्जापोटी मार्तँकडे गेला. पुढची जवळपास दहा वर्षं त्याच्या वाघसिंहांच्या प्रती निघत होत्या, विकल्या जात होत्या, त्याच्याच नावाने, पण काय काढायचं आणि किती काढायचं हे ठरवणारा तो नव्हता. मार्तँला इथे खलनायक करायची काही गरज नाही, पैसे त्याचे अडकले होते आणि व्यवहार सरळ होता. मुद्दा माणसाचा नाहीच. मुद्दा असा की शिल्पकाराच्या हातून साचा गेला की त्याच्या नावाचं पुढे काय होईल हे दुसऱ्याच्या मर्जीवर जातं, मग तो दुसरा भला असो की लबाड.

गंमत बघा, त्याच १८४८ साली नव्या प्रजासत्ताक सरकारने बारीला लूव्र म्यूझियममध्ये नेमलं, कशावर, तर प्लास्टरच्या साचेकामाच्या विभागावर प्रमुख म्हणून. म्हणजे देशाच्या सगळ्या ग्रीक-रोमन मूर्तींचे साचे याच्या ताब्यात आणि स्वतःच्या सशाचा साचा दुसऱ्याच्या. तीही नोकरी १८५० मध्ये गेली. त्याच सुमाराला तो सलाँमध्ये परत आला, ग्रीक पुराणातला वीर थीसियस आणि अर्धा माणूस अर्धा घोडा असलेला सेंटॉर यांच्या झुंजीचा मोठा गट घेऊन, बरोबर सशाला खाणारा जग्वारही. जग्वार बघा, थीसियसही चांगला आहे पण जग्वार बघा. खाताना मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, खांद्यात सगळा जोर, ना क्रौर्याचा तमाशा ना कसला बोध.

१८५४ पासून तो नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये प्राण्यांचं ड्रॉइंग शिकवायचा, पुढे मोठा शिल्पकार झालेला तरुण रोदाँ काही काळ त्याच्या वर्गाला जाऊन बसायचा. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पदक मिळालं, आणि ते कुठल्या विभागात, तर औद्योगिक ब्राँझच्या. कलेच्या नव्हे. मला तर हे पदक त्याच्या सगळ्या सन्मानांत जास्त खरं वाटतं, कारण कलाकार आणि कारखानदार अशी दोन खोकी करून तुम्ही त्याला कुठेही टाकलंत तरी तो पहिला आला असता. १८५७ च्या आसपास मार्तँबरोबरचा हिशेब फिटला आणि मॉडेल्स परत हातात आली, तेव्हा साठी उलटली होती. त्याने परत स्वतः प्रती काढायला सुरुवात केली, परत कॅटलॉग. १८६८ मध्ये अकादमीने त्याला सभासद करून घेतलं, तीच अकादमी. आणि १८७३ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीसाठी बाल्टिमोरच्या विल्यम वॉल्टर्स या संग्राहकामार्फत ऑर्डर आली की तुमच्या प्रत्येक ब्राँझची एक एक प्रत द्या. शंभरावर वस्तू. म्हातारपणी स्वतःच्या मॉडेल्सवर स्वतःचा ताबा असलेल्या माणसालाच अशी ऑर्डर पुरी करता येते. ती वीस वर्षं आधी आली असती तर मार्तँकडे गेली असती.

१८७५ च्या जूनमध्ये बारी गेला. पुढच्या वर्षी त्याच्या कामाचा लिलाव झाला, आणि मॉडेल्सचा मोठा भाग घेतला फेर्दिनाँ बार्बेदिएनच्या भट्टीने. बार्बेदिएन म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. आशिल कोला या इंजिनिअरने मूर्ती हव्या त्या मापात लहान करून देणारं एक यंत्र काढलं होतं, त्याच्याशी भागीदारी करून बार्बेदिएनने लूव्रमधल्या मूर्ती घराघरात पोचवल्या होत्या. बारीची मॉडेल्स त्यांच्याकडे गेल्यावर ती भट्टी अनेक दशकं बारी ओतत राहिली. आणि हे सांगायला हवं की त्यांच्या बऱ्याचशा प्रती उत्तम आहेत. त्यांच्यावर भट्टीचा ठसा आहे, लपवाछपवी नाही, कारागीर कसलेले. मेल्यानंतरची प्रत म्हणजे खालची असं सरसकट धरून चालणारे संग्राहक एकदा बार्बेदिएनची चांगली प्रत आणि मार्तँच्या काळातली एखादी घाईची प्रत शेजारी ठेवून बघतील तर बरं, आणि ही मार्तँची प्रत तर बारी जिवंत असतानाचीच आहे.

खरी घाण सुरू होते ती त्यानंतर. ज्याच्याकडे मॉडेल नाही तो काय करतो, बाजारातून एक तयार ब्राँझ आणतो, त्यावरूनच साचा घेतो आणि नवीन ओततो. ब्राँझ थंड होताना शेकडा एकदोन भाग आकसतं, त्यामुळे ही प्रत मुळापेक्षा थोडी लहान निघते, आणि मिशांच्या, नखांच्या, कातडीच्या घड्यांच्या रेषा बोथट होतात. त्या प्रतीवरून परत प्रत, आणखी लहान, आणखी बोथट. सही मात्र धातूत उमटलेली असते त्यामुळे ती दर वेळी आपोआप येते, आणि जुन्या भट्टीचा ठसाही येतो. पेणच्या एखाद्या कारखान्यातली मूर्ती विकत आणून तिच्यावरून रबरी साचा काढायचा आणि त्यातून आपला गणपती बाजारात आणायचा, जातीने तोच धंदा, फक्त तिथे मूर्तिकाराची सही नसते आणि इथे सही हाच माल असतो. हौशी माणूस सही बघतो, घेतो, आणि दहा वर्षांनी कळतं की आपला वाघ थोडासा आखूड आहे.

यावर फ्रान्सने कायदा केला, आणि माझं भांडण त्या कायद्याच्या एका अर्ध्याशी आहे. एक अर्धा म्हणजे संख्येचा नियम. करासाठी "मूळ" ब्राँझ म्हणून मान्यता हवी तर कलाकाराच्या किंवा वारसांच्या देखरेखीखाली जास्तीत जास्त आठ प्रती, आणि रिवाजाने आणखी चार कलाकाराच्या स्वतःच्या, अशा बारा. दुसरा अर्धा म्हणजे १९८१ चा हुकूमनामा, की कोणतीही नक्कल, कुठल्याही ब्राँझवरून उचललेली प्रत, तिच्यावर पुसता न येणाऱ्या अक्षरांत "रिप्रोडक्शन" लिहिलेलं असलंच पाहिजे. हा दुसरा अर्धा मला पूर्ण मान्य आहे. पहिला म्हणजे ज्यूरीची ती जुनी उतरंड टॅक्स ऑफिसात नेऊन बसवलीय. बारीने आयुष्यभर जे काम केलं त्याला हा आकडा लावला तर त्याच्या स्वतःच्या हातची, स्वतःच्या भट्टीतली, स्वतः रंगवलेली नववी प्रत मूळ नाही, आणि एखाद्या वारसाच्या परवानगीने कलाकार मेल्यावर कित्येक वर्षांनी कोणी ओतलेली तिसरी प्रत मूळ! याला काय अर्थ आहे.

लोक म्हणतील आकडा नसेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक होईल. पण आकड्याने फसवणूक थांबल्याचं कुठे दिसत नाही, उलट आकड्याने किंमत फुगते आणि फुगलेल्या किमतीमागेच नकली माल येतो. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये रोदाँच्या नकली ब्राँझांचं मोठं प्रकरण उघडकीस आलं, नकला साध्यासुध्या नव्हत्या, त्यांच्यावर रोदाँच्या भट्टीवाल्याचं नाव होतं, माणूस तुरुंगात गेला. रोदाँच्या बाबतीत बाराचा नियम तर अगदी काटेकोर, त्याने १९१६ मध्ये आपली कामं आणि हक्क सरकारला दिले आणि त्याच्याच म्यूझियमकडे सगळं आहे. तरीही झालं, कारण बारा म्हटलं की तेरावी विकायला माणूस हजर असतोच. संख्या मोकळी आणि तारीख पक्की असती तर नकली प्रत काढून मिळवायचं काय होतं? २०२० मध्ये ओतलेली प्रत दोनशे युरोंना उघड मिळत असेल तर २०२० मध्ये चोरून ओतलेली कोण कशाला विकेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. आक्षेप असा की बारीने स्वतः प्रत्येक प्रतीवर हात फिरवला म्हणून त्याच्या प्रतींना अर्थ होता, तो गेल्यावर त्याच मॉडेलमधून निघालेली वस्तू म्हणजे नुसतं कवच, त्यात निवड नाही, रंगाचा निर्णय नाही. खरंय. म्हणूनच ती प्रत बारीच्या हातची म्हणून विकू नये. पण नुसतं कवच असलं तरी ते बारीच्या मॉडेलचं कवच आहे, आणि सोलापूरच्या किंवा लियोंच्या एखाद्या कला शाळेतल्या पोराला खांद्याचं हाड कातडीखाली कसं सरकतं ते हाताने चाचपून शिकायचं असेल तर ते त्याला भरपूर आहे. लूव्रमध्ये हात लावू देत नाहीत. प्लास्टरच्या प्रतींवर युरोपातल्या कला शाळांच्या कित्येक पिढ्या शिकल्या, बारीही त्यांतलाच, तेव्हा कोणी म्हणालं नाही की मूळ अपोलोची किंमत कमी होते.

आणि प्रतींचा आणखी एक फायदा आहे जो शांततेच्या काळात दिसत नाही. पॅरिसला सेन नदीतल्या इल सँ-लुई या बेटाच्या पूर्वेच्या टोकावर बारीचं स्मारक उभारलं १८९४ ला, त्यासाठी पैसे जमवायला अमेरिकेतही वॉल्टर्स वगैरे मंडळींनी प्रदर्शन भरवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने तांब्याच्या मिश्रधातूंचे पुतळे काढून वितळवायचा कायदा केला आणि पॅरिसच्या चौकाचौकांतले पुतळे गेले, त्यात या स्मारकाचं ब्राँझही गेलं. दगडी चौथरा कित्येक दशकं तसाच. २०११ मध्ये ते परत उभं केलं, थीसियस आणि सेंटॉरसकट. आता विचार करा, त्या गटाची जगात एकच प्रत असती, "अद्वितीय" वगैरे, तर २०११ ला तिथे काय बसवलं असतं? ज्या प्रतींमुळे बारीला हिणवलं त्याच प्रतींमुळे त्याचं स्मारक परत करता आलं. युद्धात वितळलेल्या कित्येक पुतळ्यांचं हे नशीब नव्हतं.

आज हा वाद परत आलाय तो थ्रीडी स्कॅनमुळे. म्यूझियम शिल्पाचं स्कॅन करतं आणि जी फाइल तयार होते ती म्हणजे साचाच, न झिजणारा, कितीही वेळा वापरता येणारा. ती फाइल कोणाची? रोदाँ म्यूझियमच्या स्कॅन लोकांना खुल्या कराव्यात म्हणून एक अमेरिकन कलाकार फ्रान्समध्ये कोर्टात गेला, आणि म्यूझियमने त्या देण्याला जोरदार विरोध केला, कारण ब्राँझच्या प्रती विकून येणारा पैसा म्यूझियमला लागतो. पैसा लागतो हे समजू शकतं, पण मग सरळ तसं म्हणा. कलाकाराच्या पावित्र्याचं नाव पुढे करू नका, कारण रोदाँ काय आणि बारी काय, दोघांनाही प्रतींचा विटाळ नव्हता, बारी तर किमतीसकट यादी छापायचा. कलाकार जिवंत असेपर्यंत साचा त्याच्याच हातात राहिला पाहिजे, कर्जात गेला तरी सोडवायचा पहिला हक्क त्याचा असायला हवा, आणि कॉपीराइट संपल्यावर तो सगळ्यांचा झाला पाहिजे. मधल्या मधे कोणी म्यूझियम, वारस किंवा भट्टीवाला त्यावर कायमचा बसून राहिला तर १८४८ च्या परिस्थितीत आणि या परिस्थितीत फरक एवढाच की तेव्हा निदान कर्ज तरी होतं.

फ्रान्समध्ये कलाकाराचा नैतिक हक्क कायमचा मानतात, तो मेल्यावरही संपत नाही, वारसांकडे चालत राहतो. उत्तम, तो वापरा ना, पण प्रती अडवायला नको, नाव नीट लावायला वापरा. प्रत्येक प्रतीच्या तळाशी चार गोष्टी कोरलेल्या असल्याच पाहिजेत अशी सक्ती करा, मॉडेल कोणाचं आणि कधीचं, ओतलं कोणी, कोणत्या साली, आणि कशावरून, मुख्य मॉडेलवरून, दुसऱ्या ब्राँझवरून की स्कॅनवरून. ओताऱ्याचं नावही येऊ दे, गोनाँचं येतं तसं. याला काही फार खर्च नाही. आणि याची सुरुवात लिलाववाल्यांकडून होणार नाही, ती म्यूझियमांनाच करावी लागेल, कारण आज तुम्ही कित्येक ठिकाणी काचेसमोर उभे राहिलात तर पाटीवर दिसतं फक्त बारी, १७९५ ते १८७५, ब्राँझ. आतला वाघ १८४० चा आहे की १९१० चा, त्याच्या भट्टीतला की बार्बेदिएनच्या, हे क्युरेटरच्या रजिस्टरमध्ये बरेचदा लिहिलेलं असतं, पाटीवर ते यायला आणखी एक ओळ लागते.